चित्रपटाचा तास

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर जेथे आज फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, तेथे पूर्वी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली. ‘संत तुकाराम’ हा १९३६चा चित्रपट याच आवारात घडला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. कंपनी बंद पडल्यावर १९६० साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच स्थापन झाले. तेथून टेकडीच्या कडेने चालत गेले की सेनापती बापट रस्त्यावर ‘बालभारती’ची इमारत लागते. महाराष्ट्रातील मुलांच्या दप्तरात जाणारी पुस्तके १९६७पासून ही संस्था तयार करीत आली आहे. एकीकडे चित्रपट कसा पाहावा हे शिकवले जाते, दुसरीकडे मुलांनी काय वाचावे याची तयारी होते. दोन्हींमधले अंतर पायी अर्ध्या तासाचेही नसेल. परंतु चित्रपट काही ते अंतर चालून आपल्या माध्यमिक शाळेच्या वर्गात पोचला नाही.

फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय यांचा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासवर्ग १९७०च्या दशकापासून चालत आला आहे. प्रा. सतीश बहादूर यांनी या विषयाचा पाया घातला. ‘पथेर पांचाली’ हा एकच चित्रपट ते दृश्यामागून दृश्य उलगडून शिकवीत. संग्रहालयाचे पी. के. नायर जुन्या चित्रपटांची रिळे देशभरातून जमवून आणीत आणि अभ्यासकांपुढे ठेवीत. या वर्गाला आले ते प्रामुख्याने शिक्षक, पत्रकार, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते, म्हणजे ज्यांची पाहण्याची सवय आधीच पक्की झाली होती असे प्रौढ लोक. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत ‘मास मीडिया स्टडीज’ हा ऐच्छिक विषय आहे आणि काही शाळांत व्यवसाय शिक्षणाच्या वाटेने माध्यमांचा थोडाफार परिचय होतो. आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाला चित्र वाचायला शिकवणारा तास मात्र आपल्याकडे नाही. ज्या वयात मूल दिवसातून कित्येक वेळा हलती चित्रे पाहते, त्या वयात त्याला कवितेतील अलंकार शिकवले जातात, पण कॅमेरा खाली ठेवला की माणूस मोठा का दिसतो हे कोणी सांगत नाही.

हा तास असावा, असे माझे मत आहे. तो कोणत्या हेतूने असावा, याविषयी मात्र माझे मत गेल्या काही वर्षांत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आपल्या देशातील चित्रपटकलेचा उगमच मुळी कोणीतरी नीट पाहण्यातून झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११च्या सुमारास मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. आपणा ख्रिस्ती वाचकांना ही गोष्ट सांगताना थोडा अभिमान वाटतो, आणि तेथेच आपण थांबतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. तो चित्रपट पाहून त्यांनी हात जोडले आणि घरी गेले, असे झाले नाही. हे केले कसे, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. ते पुन्हा पुन्हा चित्रपट पाहत राहिले, १९१२ साली लंडनला जाऊन यंत्रविद्या शिकून आले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालण्यापूर्वी त्यांनी एक लहानसा प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून रोज थोडेथोडे चित्रण केले आणि अंकुर फुटून वेल वाढते ती सगळी वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला. त्याच्या मुळाशी एक वाटाणा आहे, आणि तो वाटाणा आज कोणत्याही शाळेच्या खिडकीत ठेवता येतो.

ख्रिस्तसभेनेही चित्रपटाविषयी बराच विचार केला आहे. अकरावे पायस यांचे ‘विजिलान्ती कूरा’ हे परिपत्रक १९३६ सालचे. त्याचा भर मुख्यतः सावधगिरीवर होता. कोणते चित्रपट पाहावेत आणि कोणते टाळावेत यांच्या याद्या श्रद्धावंतांपुढे ठेवाव्यात, असा त्याचा सूर होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘इन्तेर मिरिफिका’ हा हुकूमनामा काढला, त्यात तरुणांना या माध्यमांचे शिक्षण शाळांतून आणि सेमिनरींतून द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. भारतात हे काम मनावर घेणाऱ्यांत फादर गास्ताँ रोबेर्ज हे येशूसंघीय धर्मगुरू अग्रभागी होते. कॅनडातून १९६१ साली ते कोलकात्यास आले, सत्यजित राय यांच्या स्नेहाचा आधार घेऊन १९७० साली त्यांनी ‘चित्रबाणी’ ही संस्था काढली आणि २०२०मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चित्रपटाचा शिक्षक म्हणून ते ओळखले गेले. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस उत्तम चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत ‘बायसिकल थीव्ह्ज’ आहे, ‘बॅबेट्स फीस्ट’ आहे, अ‍ॅटनबरोंचा ‘गांधी’ आहे. निषेधाच्या याद्यांपासून रसास्वादाच्या यादीपर्यंतचा हा साठ वर्षांचा प्रवास आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतून आणि शाळांतून पाहिले तर आपण अजून १९३६मध्येच रेंगाळलो आहोत, असे वाटते. मुले काय पाहतात याची काळजी आपण करतो. ती कशी पाहतात, हे विचारत नाही.

शाळेत चित्रपट दाखवलाच जात नाही, असे नाही. तो तीन रीतींनी येतो. पहिली रीत परीक्षा संपल्यावरच्या करमणुकीची: पडदे ओढले जातात, शिक्षक उत्तरपत्रिका तपासत बसतात आणि घंटा झाली की चित्रपट अर्ध्यावर बंद होतो. दुसरी रीत तात्पर्याची. ‘श्यामची आई’ दाखवायचा आणि शेवटी ‘या चित्रपटातून तुम्हांला काय बोध मिळाला?’ या प्रश्नाचे पाच ओळींत उत्तर लिहून घ्यायचे. आचार्य अत्र्यांच्या या १९५३च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले होते. पण वर्गात त्याचे चित्रपटपण बाजूला राहते आणि साने गुरुजींच्या पुस्तकाऐवजी वापरायची सोय एवढेच त्याचे स्थान उरते. तिसरी रीत अलीकडची, स्पर्धेची. मोबाइल हाती आल्यापासून लघुपट स्पर्धांचा सुकाळ झाला आहे. विषय दिला जातो, मुले चित्रण करतात, परीक्षक गुण देतात. या तिसऱ्या रीतीचा मी स्वतः पुरस्कर्ता होतो. तिच्याकडे पुढे येतो. आधी, अभ्यास म्हणून चित्रपट पाहायचा म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली प्रदर्शित झाला. शाळेत जाणारा जब्या, त्याचे गरीब कैकाडी कुटुंब, गावात मोकाट फिरणारी डुकरे आणि ती धरण्याचे या कुटुंबाच्या माथी मारलेले काम, असा त्याचा विषय. डुकराचा पाठलाग चालू असताना जवळच्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरची माणसेही थबकतात, आणि डुक्कर मात्र आपल्या वाटेने जात राहते. या दृश्यात कोणी भाषण करीत नाही. नववीच्या वर्गात हे दृश्य तीनदा दाखवावे. पहिल्यांदा मुले हसतील. हसू द्यावे. दुसऱ्यांदा आवाज बंद करून दाखवावे आणि विचारावे: आता यात काय उरले? तिसऱ्यांदा पुन्हा आवाजासह दाखवावे आणि विचारावे: ही माणसे ज्या गीताचा मान राखत उभी आहेत, त्या गीतातल्या देशाने त्यांचा कोणता मान राखला? मुलांकडून येणारे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत छापलेले नसेल. डुक्कर बांबूला बांधून नेले जात असताना मागे शाळेची भिंत दिसते, आणि भिंतीवर डॉ. आंबेडकरांचे, सावित्रीबाईंचे चित्र. कॅमेरा तेथे योगायोगाने ठेवलेला नाही. कोणीतरी विचार करून, मागेपुढे सरकून, तो तेथे ठेवला आहे. चित्रपटाच्या अभ्यासाचा पहिला धडा हाच आहे: पडद्यावरची प्रत्येक चौकट हा कोणा माणसाने घेतलेला निर्णय असतो.

याच प्रसंगात गावकरी जमतात. क्रिकेटचा सामना पाहावा तसे ते हा पाठलाग पाहतात, हसतात, शेरे मारतात. आपणही चित्रपटगृहात खुर्चीवर बसून तेच पाहत असतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे आपल्या, दिशेने येतो. मी हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा तो दगड गावातील टवाळखोरांसाठी आहे, असे समजून समाधानाने घरी आलो. तो मलाही उद्देशून असू शकतो, हे कळायला मला एका म्हातारीची गरज पडली.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील शाळकरी मुलांसाठी आम्ही लघुपटांची स्पर्धा ठेवली होती. परीक्षकांत मी होतो. नववीच्या चार मुलांनी चर्चच्या रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या एका वृद्ध बाईवर चार मिनिटांचा लघुपट केला. वाकलेली पाठ, भेगाळलेली टाच, पोत्यात हात घालणारी बोटे, संथ केलेली चाल, मागे व्हायोलिन आणि शेवटी काळ्या पडद्यावर करुणेविषयीचे एक वाक्य. सभागृहात पुष्कळांचे डोळे ओलावले. आम्ही एकमताने त्याला पहिले बक्षीस दिले आणि बक्षीस देताना मी छोटेसे भाषणही केले.

पुढे एका सिस्टरांनी सहज विचारले, ‘‘त्या मावशींनी पाहिला का हो तो?’’ कोणी दाखवलाच नव्हता. मुलांनी तिला विचारून चित्रण केले होते, पण ते कशासाठी हे धड सांगितले नव्हते. आम्ही तिला बोलावले, चहा दिला, संगणकापुढे बसवले. चार मिनिटे ती न बोलता पाहत होती. मग म्हणाली, ‘‘फादर, मी येवढी रडवी दिसते का वो? त्या दिवशी तर पोरांना मी किती हसवलं.’’

मुलांना विचारले तेव्हा कळले की चित्रण जवळजवळ चाळीस मिनिटांचे होते. ते सगळे आम्ही बसून पाहिले. त्यात ती बाई मुलांची थट्टा करीत होती, ओल्या कचऱ्यात कागद टाकणाऱ्या सोसायट्यांचा उद्धार करीत होती, पुठ्ठ्याला काय भाव आहे आणि काचेला काय, हे तोंडपाठ सांगत होती. पदराआडून तिने एक ओळखपत्रही काढून दाखवले होते. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, त्या पंचायतीचे ते ओळखपत्र होते. मुलांनी यातले काहीच ठेवले नव्हते. ‘‘विषय करुणा होता ना, फादर,’’ एक जण म्हणाला.

मुलांचा दोष नव्हता. विषय आम्ही दिला होता. करुणा उत्पन्न करणारे चित्र कसे दिसते, हे त्यांना दूरचित्रवाणीने आणि जाहिरातींनी आधीच शिकवून ठेवले होते. आणि बक्षीस देऊन त्यावर शिक्कामोर्तब मी केले होते. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला जोडून दाखवला, आणि पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी शोक. सेमिनरीत असताना मी हे वाचले होते, कोणाला तरी शिकवलेही होते. पण एका जिवंत, हसऱ्या बाईच्या चेहऱ्याला व्हायोलिन जोडून आम्ही तिला तिच्या परवानगीवाचून दीनवाणी केले, हे ती सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. चित्रपटात खोटे बोलण्यासाठी खोटे चित्र लागत नाही. खरी चित्रे निवडूनही खोटे बोलता येते.

मुलांनी तो लघुपट पुन्हा बांधला. या वेळी ती बाई शेजारी बसून होती आणि ‘हे ठेवा, हे नको’ असे सांगत होती. नवा लघुपट पाच मिनिटांचा झाला. व्हायोलिन गेले, पुठ्ठ्याचा भाव आला. शेवटी ती कॅमेऱ्याकडे पाहून मुलांनाच विचारते, ‘‘तुमच्या घरचा कचरा वेगळा करता का रे?’’ आम्ही तो दाखवला तेव्हा लोक हसले, थोडे अवघडले, कोणी रडले नाही. चौघांपैकी एक मुलगा मला नंतर म्हणाला, ‘‘पहिलाच चांगला होता, फादर. तेव्हा लोक रडले होते.’’ त्याला मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे म्हणणे सर्वस्वी चूकही नव्हते. पहिला लघुपट अधिक सफाईदार होता, दुसऱ्यात आवाज नीट नाही आणि एक चौकट हललेली आहे. पण पहिल्यात ती बाई विषय होती आणि दुसऱ्यात ती बोलणारी होती. लोक रडले म्हणजे त्यांनी तिला पाहिले, असे होत नाही. आपण आपल्याच हळवेपणाकडे पाहत होतो, ती निमित्त होती.

म्हणून माध्यमिक शाळेत चित्रपटाचा अभ्यास आणि चित्रपटाची निर्मिती या दोन गोष्टी वेगळ्या करू नयेत, असे मला वाटते. नुसता अभ्यास केला तर मुले दुसऱ्यांच्या चित्रपटांतील दोष काढण्यात पटाईत होतील. नुसती निर्मिती केली तर जे पाहत आली तेच अधिक सफाईने करतील. ज्या मुलाने स्वतः चाळीस मिनिटांतून चार मिनिटे निवडली आहेत, त्यालाच बातमीतली, जाहिरातीतली, निवडणुकीच्या प्रचारातली निवड ओळखता येते. आणि ज्याने ‘फँड्री’मधील शाळेची भिंत पाहिली आहे, तोच कॅमेरा उचलण्यापूर्वी मागे काय दिसते याचा विचार करतो.

हे अवघड नाही. पहिल्या तासाला फाळक्यांचा वाटाणा पेरावा आणि मोबाइल एका जागी बांधून रोज एक चित्र घ्यावे. काळ कसा आखडतो हे मुले आपोआप शिकतील. पुढे उमेश कुलकर्णी यांचा ‘गिरणी’ दाखवावा. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी केलेला हा लघुपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. आईने पोट भरण्यासाठी घरात पिठाची गिरणी आणली आहे आणि लहान मुलाला तिची घरघर असह्य होते. आवाज हेसुद्धा एक पात्र असते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण पुण्याच्या मुलांना मिळणार नाही. मग ‘संत तुकारामा’तील तुकोबा आणि सालोमालो यांचे गाणे एकापाठोपाठ ऐकवावे. शब्द तेच असूनही एकात भक्ती आणि दुसऱ्यात नाटकीपणा का वाटतो, हे मुलांनाच शोधू द्यावे. वर्षाच्या शेवटी एक लघुपट, आणि त्याला एकच अट: ज्याच्याविषयी तो आहे, त्याने तो सर्वांच्या आधी पाहिलेला असावा.

पालकांच्या शंका मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्या कार्यालयात येऊन बसतात. दहावीच्या गुणांचे काय? चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आपण मुले बसवतोच. त्यासाठी वेळही काढतो, कागद-रंगही आणतो. मग चित्रपटालाच वेळ का नाही? खर्चाचे काय? घरात एक मोबाइल आहे, तो पुरतो. मुले आधीच पडद्याला चिकटलेली, त्यांना आणखी पडदा कशाला? ही शंका सर्वांत रास्त आहे. तिचे माझे उत्तर असे, की एक दृश्य तीनदा थांबून पाहणारे मूल बोटाने चित्रामागून चित्र सरकवत जाण्याची सवय थोडी तरी सोडते. फ्रान्समध्ये १९८९पासून माध्यमिक शाळेतील मुलांना शाळेच्या वेळात चित्रपटगृहात नेऊन निवडक चित्रपट दाखवण्याची आणि त्यांवर वर्गात काम करण्याची योजना चालू आहे. तेथील मुले पडद्याच्या आहारी जावीत म्हणून ती आखलेली नाही.

प्रश्न उरतो शिक्षकांचा. हा विषय शिकवणारा शिक्षक पुण्यात मिळणार नाही, तर कोठे मिळेल? पण तो बाहेरून येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मराठीच्या ज्या बाई कविता शिकवताना ‘हाच शब्द का?’ असे विचारतात, त्यांनी ‘हीच चौकट का?’ असे विचारायला सुरुवात करावी.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात एक गोष्ट सहज सुटून जाते. जखमी माणसाला त्या तिघांनीही पाहिले होते. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. दृष्टी तिघांनाही होती. पुढे निघून जाणारा पहिला याजक होता, हे मी हल्ली वाचताना जरा हळू वाचतो. ती बाई अजून आमच्या रस्त्यावर येते. परवा तिने मला थांबवून विचारले, ‘‘फादर, यंदा पोरं शूटिंग करणार नाहीत का?’’ मी म्हटले, करतील. ती म्हणाली, ‘‘मग या खेपेला मला आधी सांगा. मी चांगलं लुगडं नेसून येईन.’’